शनिवार रात्रीचा सिनेमा आणि ‘संथ आहे’ हा शेरा

ठाण्यातल्या कासारवडवलीहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. घरात चौघं जण : ते, पत्नी, नववीतली मुलगी आणि आई. शनिवारी जेवणं झाली की सगळे हॉलमध्ये बसून काहीतरी बघतात. गेल्या काही महिन्यांत ‘कोर्ट’ अर्ध्या तासात बंद केला. ‘किल्ला’ छान, पण संथ वाटला. ‘फँड्री’तलं निम्मं बोलणं कळलंच नाही. हौसेने ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे जुने भाग लावले, तर सगळी माणसं आडवी फुगलेली. ‘गुल्लक’ ही हिंदी वेब मालिका मात्र चौघांनाही इतकी आवडली की एका बैठकीत दोन-दोन भाग झाले. प्रश्नाचा शेवट असा : ‘तुमच्या क्षेत्रातली माणसं ज्यांना थोर म्हणतात ते सिनेमे आम्हाला का झेपत नाहीत? आमची आवडच साधी आहे का?’

आधी उत्तर देऊन टाकते. तुमची आवड साधी नाही. तुम्ही ज्याला ‘संथ’ म्हणताय त्यातला बराच भाग सिनेमाचा नाही, तुमच्या हॉलचा आहे. टीव्ही किती लांब आहे, पंखा कितीवर आहे, टीव्हीच्या मेनूत दुकानातून येतानाच काय लावलेलं आहे आणि रोज संध्याकाळी त्याच टीव्हीवर काय चालतं, एवढ्या गोष्टी बाजूला काढा. मग जे उरेल ते तुमचं खरं मत. ते ‘आवडला नाही’ असं निघालं तरी मला चालेल, पण ते सिनेमाबद्दलचं असावं. आणि ‘गुल्लक’ आवडणाऱ्या घराला ‘कोर्ट’ परका नाही. का ते पुढे येईलच.

मी सव्वीस वर्षं संकलन करते, म्हणजे एडिटिंग. थोडे सिनेमे, काही माहितीपट, पण आयुष्याचा मोठा भाग रोजच्या मालिका. राहते नौपाड्यात, आणि घोडबंदर रोडवरच्या सेटवर दिवसभर जे शूट होतं ते रात्री माझ्या मशीनवर येतं. सुरुवातीला एका ज्येष्ठ संकलकांच्या हाताखाली होते. एपिसोड तयार झाला की ते खुर्ची मागे सरकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘चालव.’ पूर्ण भाग नुसता ऐकायचे. मध्येच त्यांनी ‘आता कोण आलं?’ असं विचारलं, की तिथे दाराची बेल टाकायची, नाहीतर ‘अगंबाई, वहिनी तुम्ही?’ असं एक वाक्य कुणाकडून तरी डब करून घ्यायचं. कानांनी गोष्ट कळली की एपिसोड पास.

हे उगाच नव्हतं. संध्याकाळी सातनंतर आपल्याकडचा प्रेक्षक पोळ्या लाटत असतो, सकाळच्या डब्याची भाजी निवडत असतो, मुलांच्या वह्या बघत असतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता गोष्टीला बावीस मिनिटं मिळतात, आणि असे भाग आठवड्याला सहा. सुरुवातीला कालचा रिकॅप, शेवटी उद्याचा प्रीकॅप, कुणाला धक्का बसला की एकामागून एक चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्यावर संगीताचा ठोका. याला पुष्कळ लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही. कढई गॅसवर असलेल्या बाईची गोष्ट हुकू नये म्हणून केलेली ती सोय आहे. राग येतो तो बँक संपते तेव्हा. तयार भागांच्या साठ्याला आम्ही बँक म्हणतो. ती संपली की आज शूट केलेलं उद्या दाखवायची वेळ येते, मजकूर कमी पडतो, आणि तीच सोय वेळ भरायला वापरली जाते. तीन चेहऱ्यांचे नऊ होतात. ते कट मी स्वतः लावलेले आहेत, आणि लावताना प्रत्येक वेळी जीवावर आलं आहे.

पण या सगळ्यातून आपल्या घरांना एक सवय लागली : कानांनी बघायची. डोळे मोबाइलवर, हात भाजीत, कान टीव्हीकडे, आणि तरी सगळं कळतं. त्याच सवयीने ‘कोर्ट’ किंवा ‘किल्ला’ लावला की तिथे कुणी काही सांगत नाही, संगीत खुणावत नाही, रिकॅप येत नाही. दोन मिनिटं मान खाली घातली तर वर बघेपर्यंत गोष्ट पुढे गेलेली असते. मग वाटतं, काही घडतच नाहीये.

तुमच्या घरी एकदा हा प्रयोग करा. मालिकेचा कुठलाही भाग लावा आणि पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. मग ‘किल्ला’ची पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. मालिकेतलं तुम्हाला जवळजवळ सगळं कळेल. ‘किल्ला’त आई आणि मुलगा एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत, हे एक शब्दही न ऐकता कळेल. एक गोष्ट कानांसाठी बांधलेली आहे, दुसरी डोळ्यांसाठी. दोन्ही बांधायला कष्ट लागतात, पण दोन्हींसमोर एकाच पद्धतीने बसून चालत नाही.

आता आवाज. ‘फँड्री’तलं बोलणं कळलं नाही, यात दोन वेगळ्या अडचणी मिसळल्या आहेत. सिनेमातला मुलगा जब्या, त्याच्या घरात कैकाडी बोलतात. ‘फँड्री’ हा शब्दच कैकाडी, अर्थ डुक्कर. ते बोलणं न कळणं स्वाभाविक आहे, तिथे सबटायटल लावा, त्यात कमीपणा नाही. दुसरी अडचण स्पीकरची. थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, त्यामागे मधोमध एक स्पीकर असतो आणि पात्रांचं बोलणं मुख्यतः त्यातून येतं. संगीत, वारा, गर्दी यांना बाकीचे स्पीकर. आपल्या टीव्हीला दोन छोटे स्पीकर, तेही बहुधा खाली तोंड करून बसवलेले. पाच-सहा स्पीकरांसाठी मिसळलेला आवाज त्या दोघांत कोंबला की बोलणं दबतं आणि गाणं आलं की दणका बसतो. मग घरातलं एक माणूस रिमोट घेऊन आवाज वर-खाली करण्याच्या ड्युटीवर बसतं. त्या माणसाने सिनेमा पाहिलेला नसतो.

उपाय फुकटातले आहेत. ॲपमध्ये आवाजाचे पर्याय दिसत असतील तर ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी साधा, दोन स्पीकरांचा स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या साउंड मेनूत बोलणं पुढे आणणारा एखादा पर्याय असतो, ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तशाच नावाचा, तो चालू करा. ‘सराउंड’ नावाचं जे काही असेल ते बंद करा, दोन स्पीकरांत त्याने बोलणं आणखी पसरतं. पंखा दोनवर आणा. ठाण्यात मे महिन्यात हे अवघड आहे, मला माहीत आहे, पण निदान रस्त्याकडची खिडकी तरी लावून घ्या. यानंतरही भागलं नाही तर साउंडबार घ्या, आणि दुकानात ऐकताना गाणं लावून बघू नका. दोन माणसं हळू आवाजात बोलतायत असा प्रसंग लावायला सांगा.

पंख्याचं एवढं का सांगते? माझ्याच घरी घडलेलं आहे. ‘फँड्री’त जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. आधी जब्या थांबतो, मग घरचे. हातात आलेलं डुक्कर निसटून जातं. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रिक्षावाल्यांची भांडणं. आई म्हणाली, ‘हे सगळे पुतळ्यासारखे का उभे राहिले? उगाच लांबवलंय.’ राष्ट्रगीत शाळेकडून, लांबून येतं, आणि आमच्या हॉलमध्ये ते पोचलंच नव्हतं. आईला नुसती थांबलेली माणसं दिसली होती. काही दिवसांनी तोच भाग पुन्हा लावला, पंखा दोनवर, खिडकी बंद. या वेळी आई काहीच बोलली नाही. उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, आणि परत येऊन बसली. सिनेमा तोच, बाई तीच. मधल्या काळात तिची आवड सुधारलेली नव्हती.

तुमच्या मुलीला एक जोडकाम देता येईल. ‘पंचायत’ या हिंदी वेब मालिकेच्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागातही राष्ट्रगीत आहे : २६ जानेवारी, मोठे अधिकारी आलेले, आणि नावापुरती प्रधान असलेली मंजू देवी झेंड्यासमोर उभी राहून ते म्हणते. नीना गुप्तांचा चेहरा बघताना आपलाही घसा कोरडा पडतो, पूर्ण झालं की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. हे दोन्ही प्रसंग एकाच संध्याकाळी पाठोपाठ दाखवा आणि काही समजावून सांगू नका. नववीतल्या मुलीला जे बोलायचं असेल ते ती बोलेल.

चित्राकडे येते. ‘किल्ला’च्या बाबतीत मी स्वतः चुकले होते. नवा टीव्ही घेतला होता आणि त्यावर तो पाहिला. हिरवा रंग अंगावर येत होता, पाण्याला निळी चमक, मुलाचा चेहरा नारिंगी. रंगकाम भडक झालंय, असं मी कामावरच्या दोघांना सांगूनही टाकलं. पुढे तोच सिनेमा चांगल्या प्रोजेक्शनवर बघायला मिळाला. आभाळ राखाडी, तटाचे दगड शेवाळलेले, पावसात किल्ल्यावर एकटा राहिलेला तो मुलगा आजूबाजूच्या ओलीत जवळजवळ विरघळलेला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनाबरोबर छायाचित्रणही स्वतः केलं आहे. पुण्याहून कोकणात आईच्या बदलीमुळे आलेल्या मुलाला सगळं परकं वाटतंय, हे त्यांनी त्या करड्या-हिरव्यातूनच सांगितलं आहे. माझा टीव्ही ‘व्हिव्हिड’वर होता. दुकानाच्या झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावं म्हणून ठेवलेलं ते सेटिंग. मी त्या दोघांना फोन करून माझं मत मागे घेतलं.

तुमच्या टीव्हीवरही बहुतेक तेच असणार. पिक्चर मेनूत जाऊन ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ असं जे असेल ते निवडा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. तिसऱ्या दिवशी जुनं सेटिंग बघवणार नाही.

त्याच मेनूत आणखी एक गोष्ट लपलेली असते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. हल्लीचे बरेच टीव्ही त्या चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच बनवून घालतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. सोनीत याला ‘मोशनफ्लो’ म्हणतात, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगच्या बऱ्याच सेटवर ‘ऑटो मोशन प्लस’. क्रिकेटला ते बरं. सिनेमात मात्र सगळं आजच्या आज स्टुडिओत शूट केल्यासारखं दिसू लागतं, नटाचा मेकअप दिसतो, सेट सेट वाटतो. ‘काहीतरी खोटं वाटतंय’ असं लोक म्हणतात आणि दोष अभिनयाला देतात. ते बंद करा.

‘टिपरे’ फुगले याचं कारण सोपं आहे. ती मालिका २००१ ते २००४ या काळातली, तेव्हाच्या टीव्हीची चौकट ४:३ होती. आजची १६:९. जुनं चित्र नव्या चौकटीभर ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जाड होतो. ‘झूम’ केलं तर जाडी जाते, पण वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो आणि आबांच्या, म्हणजे टिपरे आजोबांच्या, डोक्यावरची हवाही उरत नाही. ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. आईंना सांगा, टीव्ही बिघडलेला नाही. (जाता जाता एक : दूरदर्शन, केबल आणि व्हीसीडीच्या काळात आपल्याकडची व्हिडिओपद्धत सेकंदाला २५ चित्रांची होती. २४ चा सिनेमा २५ ने पळवला की अडीच तासांचा १४४ मिनिटांत संपायचा आणि गाणी किंचित चढ्या सुरात वाजायची. आपल्या पिढीला कित्येक जुनी गाणी त्या चढ्या सुरातच पाठ आहेत.)

पट्ट्या लावून ‘टिपरे’ पुन्हा बघा, कारण घरात बसून बघायला त्याच्यासारखं आजही फार थोडं आहे. केदार शिंदेंनी एका घरातल्या तीन पिढ्या एका दिवाणखान्यात ठेवल्या आणि त्यांना भांडूही दिलं. दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीच्याही आतले होते. उठताना गुडघ्यावर हात कधी टेकायचा आणि कधी कुणाला दिसू नये म्हणून टेकायचा नाही, एवढ्यावर त्यांनी आबा उभे केले. हे तुमच्या आईंना माझ्यापेक्षा लवकर दिसेल.

आता ‘कोर्ट’. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण तो तुम्ही अर्ध्यात सोडलात आणि तो तुमच्याच घराचा सिनेमा आहे.

गोष्ट माहीत असेल तुम्हाला. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर; त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवून पोलीस त्यांना मंचावरून पकडतात. पुढे खटला चालतो. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला मोठा चित्रपट, आपल्याकडे २०१५ मध्ये लागला, लांबी ११६ मिनिटं. कांबळेंचं काम करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते. २०२१ मध्ये ते गेले. कॅमेरा बहुतेक वेळा लांब उभा असतो आणि जागचा हलत नाही. कोर्टाची पूर्ण खोली समोर : न्यायाधीश, टंकलेखक, वकील, बाकांवर पेंगणारी, आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं.

इथे तुमच्या हॉलचं गणित येतं. घोडबंदरकडच्या फ्लॅटमध्ये हॉल लांबट असतो. एका भिंतीला सोफा, समोरच्या भिंतीवर टीव्ही, मध्ये अकरा-बारा फूट. ४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटीमीटरच्या आसपास असते. आमच्या धंद्यात एक हिशेब आहे, पडद्याने बघणाऱ्याच्या नजरेतले ३० अंश तरी व्यापावेत. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्हीसमोर सहा फुटांवर बसायला हवं. बारा फुटांवर नजरेत येतात पंधराच अंश. मालिकेला काही फरक पडत नाही, तिथे पडदाभर चेहरा असतो. ‘कोर्ट’मध्ये माणसं आधीच लहान आहेत, बारा फुटांवर ती करंगळीच्या पेराएवढी होतात. मग मागच्या बाकावरच्या माणसाचं तोंड पडलेलं दिसत नाही, एका बाईने बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून तिची केस न्यायाधीश पुढे ढकलतात तेव्हा तिचं उभं राहणं दिसत नाही. ज्या गोष्टी घडतायत त्या दिसेनाशा झाल्या, म्हणून काही घडत नाही असं वाटलं. सोफा पुढे ओढा. जड असेल तर सतरंजी घालून खाली बसा, आम्ही तेच करतो.

आणि आता ‘गुल्लक’चं. मिश्रांच्या घरातली शांती, गॅसपाशी उभी राहून एकाच वेळी नवऱ्याला, दोन्ही मुलांना आणि शेजारणीला पुरून उरणारी ती आई, तुम्हा चौघांना आवडली ना? ती गीतांजली कुलकर्णी. ‘कोर्ट’मधली सरकारी वकील तीच. कोर्टात ती कायद्याची जुनीपुराणी कलमं एका सुरात, श्वासही न घेता वाचून दाखवते, कांबळेंना तुरुंगातच ठेवा म्हणते. तुमची अडचण अशी झाली की तुम्ही तिला तेवढीच पाहिलीत. पुढे कॅमेरा तिच्याबरोबर कोर्टाबाहेर पडतो. ती लोकलने घरी जाते, शेजारच्या बाईशी घरच्या गप्पा मारते, घरी येऊन सगळ्यांसाठी स्वयंपाक करते. रविवारी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जाते, आपण ठाण्यात गडकरी रंगायतनला जातो तशी. नाटकात परप्रांतीयांची टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह हसतं. ती वाईट बाई नाही. ती आपल्या डब्यात, आपल्या शेजारच्या सीटवर बसलेली बाई आहे. आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवायला सांगते.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या स्वयंपाकाच्या प्रसंगाशी बराच वेळ अडकले. मालिकेत मी अशी हजारो स्वयंपाकघरं कापली आहेत. तिथे बाई पातेल्यात डाव फिरवते तेव्हा मनात काहीतरी कट शिजत असतो, म्हणून संगीत असतं. इथे तिला फक्त स्वयंपाक करायचा असतो. संकलकाने, रिखव देसाई यांनी, तो प्रसंग घाईने संपवला नाही. एवढ्या साध्या कामाला एवढा वेळ द्यायला फार हिंमत लागते. माझ्या टेबलावर तो प्रसंग आला असता तर मी तो निम्मा केला असता, आणि सिनेमा तिथे मोडला असता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ पासून घराघरात चालतोय त्याला विनोदाखेरीज एक कारण आहे : संवाद डब केलेले, म्हणून कुठल्याही स्पीकरवर स्पष्ट, आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन यांना पुष्कळदा एकाच चौकटीत मोकळं सोडलेलं आहे. कुकरच्या शिट्टीतही तो कळतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तुमच्या चौघांसाठी पुढच्या महिन्यात नक्की लावा. १९१३ चा आपला पहिला चित्रपट फाळक्यांनी कसा केला, त्याहीपेक्षा त्यांच्या बायकोने ते घर कसं चालू ठेवलं, हे परेश मोकाशींनी इतक्या हसऱ्या चालीत सांगितलं आहे की मुलीला तो इतिहासाचा धडा वाटणार नाही. ‘सैराट’ पाहिला नसेल तर शेवट मी सांगणार नाही, फक्त एवढंच, शेवटी आवाज जातो तेव्हा टीव्ही म्यूट झालाय समजून रिमोट शोधू नका. दोन-तीन घरांत हे घडलेलं मी पाहिलंय, आणि नेमका तोच क्षण हातातून जातो. मध्यंतरानंतरचा भाग मला पहिल्यापेक्षा फार सरस वाटतो. पहिल्या भागातली गाणी सुंदर आहेत, पण त्यातली थोडी कात्री चालली असती असं मला आजही वाटतं. ‘पंचायत’चा पहिला सीझन घरच्यांबरोबर बघा. पुढे निवडणुकीचं राजकारण वाढत गेलं आणि फुलेरा गावातली निवांत दुपार हरवली, असं माझं मत.

‘अस्तु’ मात्र आधी तुम्ही दोघंच बघा. स्मृतिभ्रंश झालेले निवृत्त प्राध्यापक मुलीच्या गाडीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि त्यांनी ते काम ज्या बारकाईने केलंय ते घरातल्या वयस्कर माणसाला जिव्हारी लागू शकतं. माझ्या आईने तो बघितला आणि नंतरचे कित्येक दिवस ती चष्मा कुठे ठेवला हे विसरली की घाबरायची. सिनेमा फार मोलाचा आहे. अमृता सुभाष यांनी माहुताच्या बायकोचं जे काम केलंय त्यासाठी तर तो दोनदा बघावा. पण आईंना दाखवायचा की नाही, हे तुम्ही तो बघून ठरवा.

मतं कशी मांडायची, हेही तुम्ही अप्रत्यक्षपणे विचारलं आहे. आमच्याकडे पहिला कट दाखवताना आम्ही पडद्याकडे बघत नाही, बघणाऱ्यांकडे बघतो. कुणी कुठे बूड हलवलं, कुणी कुठे खोकलं, कुणाचा हात खिशाकडे गेला. नंतर त्यांनी तोंडाने काय सांगितलं यापेक्षा ते जास्त खरं असतं. तुम्ही घरी तेवढंच करा. सिनेमा संपल्यावर ‘आवडला का?’ असं विचारू नका. प्रत्येकाने सांगायचं, माझा हात मोबाइलकडे कुठे गेला. चौघांचे हात एकाच ठिकाणी गेले असतील तर दिग्दर्शकाचं चुकलं असण्याची शक्यता मोठी, आणि तसं तुम्ही बेधडक म्हणा, पुरस्कार कितीही मिळालेले असोत. एकट्या मुलीचा गेला आणि आईंचा गेला नाही, तर त्या जागी बोलण्यासारखं काहीतरी आहे. रात्री लगेच बोलू नका, सगळे झोपेला आलेले असतात. रविवारी सकाळी पोह्यांबरोबर बोला.

पुढच्या शनिवारी ‘कोर्ट’ पहिल्यापासून लावा. साडेआठला सुरू केलात तर साडेदहाला संपेल. जेवण आधी, सबटायटल चालू, कारण त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं बोलतात, अगदी आपल्या कोर्टांत आणि सोसायट्यांत बोलतात तसं. चहासाठी थांबायचं तर सरकारी वकिलाच्या नाटकाच्या प्रसंगानंतर थांबा, आधी नाही. आणि एक फार महत्त्वाचं. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. इथे बहुतेक घरांत कुणीतरी ‘संपला’ म्हणून उठतं आणि ट्यूबलाइट लावतं. तो काळोख बराच वेळ राहतो. रिमोट त्या वेळी आईंकडे ठेवा, त्या घाई करणार नाहीत. त्यानंतर न्यायाधीश सुट्टीवर गेलेले दिसतात, बागेतल्या बाकावर बसल्या-बसल्या त्यांचा डोळा लागतो, आणि मुलं जवळ येतात. तेवढं बघून मगच दिवा लावा.